एका श्वासाची ओळ

६ नोव्हेंबर

चि. मापाडीणबाईस,

आशीर्वाद. रागावलेल्या बापाचे असले तरी आशीर्वादच आहेत, हवं तर वजन करून घे.

तुझ्या कार्यालयाचं उत्तर मिळालं. मी पत्र मुलीला लिहिलं होतं, उत्तर सहायक अधीक्षकांकडून आलं. ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपल्या गल्लीतील हवा समाधानकारक या प्रवर्गात मोडत असून चिंतेचे कारण नसल्याचे दिसून येत आहे.’ क्रियापदांची एवढी रांग आणि करणारा एकही नाही. कोण कळवतो, कोणाला दिसतं, कुठून दिसतं, कशाचा पत्ता नाही. मी लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवलं आहे. दहापैकी साडेतीन दिले. पाच देणार होतो, पण ‘मोडत असून’ने घात केला.

कुठून दिसतं ते मी सांगतो. वाचनालयाच्या गच्चीवरून. तुमची हवा मोजायची पेटी तिथे तीन मजल्यांच्या वर बसली आहे, मागे झाडं, समोर नदीचा वारा. आणि आमच्या घरामागे ट्रकांचा तळ. थंडीत इंजिनं तापवायला ते ट्रक उभ्या उभ्या सुरू ठेवतात आणि सगळा धूर आमच्या गल्लीत शिरतो, कारण गल्लीला दुसरं तोंडच नाही. खालच्या शिंपीणबाईने दुकानाबाहेर पांढरं कापड टांगायचं सोडून दिलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त तुमचा उंट सरकारी आहे.

मागच्या हिवाळ्यात नगरभवनातल्या सुनावणीत मी उभा राहून जे म्हणालो तेच आज म्हणतो: हा आकडा चुकीचा आहे, आणि तो मांडणारी माझी मुलगी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला मी काय करणार? नंतर पायऱ्यांवर तू म्हणालीस, “ज्या भाषेत आता कोणी श्वाससुद्धा घेत नाही, तिच्यात कविता नेऊन बसवणारा माणूस मला हवा शिकवणार?” वाक्य चांगलं होतं. लॅटिनच्या मास्तरांची मुलगी शोभलीस. पण घरी चहालाही न येता तू गाडी पकडलीस, आणि तेव्हापासून माझ्याशी सहायक अधीक्षकांच्या तोंडून बोलतेस.

तर आता मी स्वतःच मोजणार आहे. हातात मावेल एवढं यंत्र मागवलं आहे.

बाकी माझं काम चालू आहे. लॅटिन भाषांतरांच्या त्या छोट्या मासिकाने एक इंग्रजी कविता पाठवली आहे. लिहिणारी कोणी नावाजलेली नव्हे, टपाल कचेरीत तिकिटं विकायची. एक बाई हिवाळ्यात दारात उभी राहून मुलांना घरी बोलावते. मुलं कधीच मोठी होऊन निघून गेली आहेत, तरी बोलावते. त्यातली एक ओळ साध्या भाषेत अशी: हाक निघून गेली, आणि तिचा श्वास दारात उभा राहिला.

ही ओळ मला छळते आहे. लॅटिनकडे श्वासाला चार शब्द आहेत. एकात आत्मा येतो, एकात वारा, एकात वाफ, एकात पळणाऱ्याची धाप. थंडीत दारात उभ्या असलेल्या बाईचा श्वास एकातही मावत नाही. तुझी आई कधी हाक मारायची नाही, कठड्यावर उलथनं वाजवायची, त्यामुळे तिचाही उपयोग नाही.

प्रकृती ठीक. थंडीचा खोकला आहे, तो सगळ्या गल्लीलाच आहे.

बाबा


१९ नोव्हेंबर

चि. मापाडीणबाईस,

यंत्र आलं. दिसायला गजराच्या घड्याळासारखं आहे आणि वागायलाही तसंच, हवा बिघडली की ओरडतं. काल सकाळी असं ओरडलं की शिंपीणबाई कात्री हातात घेऊन वर आली.

“मास्तर, काय झालं?”

“हवा वाईट आहे.”

“ते सांगायला यंत्र लागतं होय?” असं म्हणून ती खाली गेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे तिचं शास्त्र आहे. पण तुझ्या खात्याला कांकण दिसत नाही, म्हणून मला आरसा आणावा लागला.

आता आकडे ऐक. सकाळी ट्रक सुरू होतात त्या सुमाराला माझ्या यंत्राचा आकडा तुझ्या गच्चीवरच्या आकड्याच्या कैक पट वर जातो. संध्याकाळी ट्रक परत येतात तेव्हा पुन्हा तसाच. मधल्या वेळात उतरतो, पण तेव्हाही तो तुझ्या चौपट असतो. आलेख काढला तर दोन सुळके दिसतात. मला तर त्यात ट्रकांची धुराडीच दिसली.

तू म्हणशील, स्वस्तातलं यंत्र आहे, चुकत असेल. त्यावर आमच्या धंद्यातला नियम ऐक. जुन्या हस्तलिखिताच्या दोन प्रती असतात. एकीत ओळ सोपी, गुळगुळीत असते, दुसरीत खडबडीत, घशात अडकणारी. मूळ कुठली? खडबडीत. कारण नक्कल करणारा माणूस अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द अवघड करायला तो कशाला बसेल? तुझा आकडा गुळगुळीत आहे. माझा अडकतो. तेव्हा मूळ पाठ माझा.

हे मी तुझ्या सहायक अधीक्षकांनाही कळवलं आहे. पालथ्या घड्यावर पाणी, पण माझी शाई वाया जाते, त्यांचं काय जातं?

यंत्रासाठी मेज खिडकीशी ओढून घेतलं. बाहेर ठेवलं तर कोणी उचलून नेईल, म्हणून ते आतच ठेवलं आहे. मेजावर दाटी झाली आहे. एका बाजूला शब्दकोश, एका बाजूला हे नवं यंत्र आणि त्याला खेटून माझं दुसरं यंत्र. त्या दुसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कवितेच्या पहिल्या आठ ओळी झाल्या. तेच आपलं सहा गणांचं लांब वृत्त घेतलं आहे, ज्याच्यासाठी तू लहानपणी चमच्याने ताटावर ठेका धरायचीस आणि आई ओरडायची. इंग्रजी कवितेला अक्षराचं वजन माहीत नाही, तिला नुसता जोर माहीत आहे. लॅटिनमध्ये मात्र आपल्यासारखंच लघु-गुरूचं राज्य. तू या दोन भाषांत कुठली, हे तुझं तूच ठरव.

पण त्या श्वासाच्या ओळीशी आलो की गाडी थांबते. शब्द वृत्तात बसतात आणि श्वास बाहेर राहतो. श्वास आत घेतला की वृत्त मोडतं. वैताग आला आहे.

बाबा


३ डिसेंबर

मापाडीणबाईस,

शेवटी तू स्वतः लिहिलंस. टंकलेखित, पण सही तुझी. आभार मानू की डोकं फोडून घेऊ, ते ठरत नाही.

तू लिहितेस की माझं यंत्र हवेत प्रकाश सोडतं आणि जे चमकेल ते मोजतं, मग ती धूळ असो, धूर असो, नाहीतर धुक्याचा थेंब. त्याला पाणी आणि काजळी यांतला फरक कळत नाही. खरं यंत्र हवा आत घेताना थोडी तापवतं, पाणी उडवून लावतं आणि मग उरलेलं मोजतं. आणि पुढे लिहितेस, ‘यंत्रं नक्कल करणाऱ्या माणसांसारखी वागत नाहीत. ती काही सोपं करत नाहीत आणि अवघडही करत नाहीत. ती नुसती चुकतात. तुमचा नियम इथे चालत नाही.’ बरं. नाचता येईना अंगण वाकडं, हे बापाला सुनवायला एवढा सरकारी कागद लागला.

पण मला एक सांग. हवा तापवल्यावर फक्त पाणीच उडतं का? मागे एकदा तूच बोलली होतीस की थोडी घाणही पाण्याबरोबर उडून जाते, आणि मग तुम्ही ती अंदाजाने परत मिळवता. म्हणजे काय झालं? ओलावा गेला, त्याबरोबर थोडा अर्थ गेला, जे उरलं ते मापात बसवलं आणि गेलेल्याची भरपाई पदरची केली. अगं, मग तूही भाषांतरच करतेस. मला पायऱ्यांवर बोल लावताना हे आठवलं नाही का?

तू मिनिटामिनिटाचे आकडे मागितले आहेत. यंत्रातलं कार्ड काढून या पाकिटात घातलं आहे. यंत्र कुठे ठेवलं आहे विचारतेस, तर खिडकीत. दुसरीकडे कुठे ठेवणार?

तुझ्या प्रयोगशाळेत मला एकदाच नेलं होतंस. एक पांढरी चकती दाखवलीस, हवेतली धूळ धरणारा कागद. त्याचं वजन करण्याआधी त्याला दिवसभर ठरावीक ओलाव्याच्या खोलीत नुसतं बसवून ठेवता म्हणालीस. बोटाचा ठसा उमटला तरी वजन वाढतं. मी शिंकलो, आणि तू ती चकती सरळ टोपलीत टाकलीस. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. आता त्याच हाताने तू गच्चीवरचा आकडा आमच्या गल्लीच्या गळ्यात बांधतेस, म्हणून इतकं लागतं. परक्याने केलं असतं तर एक शिवी देऊन मोकळा झालो असतो.

कविता सोबत पाठवतो आहे. मी लांब वृत्त सोडलं. अकरा अक्षरांच्या आखूड ओळी केल्या. बाई साधी आहे, तिला युद्धकाव्याचं वृत्त शोभत नाही, असं माझं मत झालं आहे. नाकापेक्षा मोती जड कशाला? आखूड ओळ बरी पडते. तू वाचणार नाहीस, पण मासिकाला जायच्या आधी घरच्या कोणीतरी ती हातात धरावी एवढ्यासाठी पाठवतो आहे.

खोकला तसाच. शिंपीणबाई रोज विचारते आणि मी रोज तेच उत्तर देतो.

बाबा


१५ डिसेंबर

तुझं पत्र काल आलं. हाताने लिहिलेलं. मी ते मेजावर पालथं ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे पाहिलं नाही. पण त्यातलं सगळं पाठ झालं आहे, तेव्हा पालथं ठेवून काय मिळालं?

‘बाबा, हे सुळके ट्रकांचे नाहीत. ट्रक एकेक करून सुरू होतात, त्यांचा धूर हळूहळू चढतो आणि रेंगाळतो. तुमचा आकडा एका मिनिटात आकाशाला भिडतो आणि थोड्या वेळाने तसाच खाली पडतो. हे औषधाच्या पाण्याचे बारीक तुषार आहेत. सकाळी, संध्याकाळी, आणि शेवटच्या आठवड्यात दुपारीही. घरात तुमच्याशिवाय कोणी नाही. नेब्युलायझर कधीपासून घेताय?’

आणि त्याखाली: ‘लांब वृत्त का सोडलंत? ओळीच्या मध्ये श्वास घेतला की तुम्ही मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचात. आखूड वृत्त तुम्हाला कधीच आवडलं नव्हतं. त्याला तुम्ही जिन्याच्या पायऱ्या म्हणायचात.’

माझ्या छातीत नाक खुपसायला तुला कोणी सांगितलं होतं? मी हवेचे आकडे पाठवले होते. हवेबद्दल बोलायचं. मी गल्लीची तक्रार करतो आणि तू त्यातून माझी प्रकृती वाचतेस. माणसाने यंत्र विकत आणावं, त्याने मालकाच्याच घरात चहाडी करावी, आणि ती चहाडी पोटच्या मुलीने सरकारी चष्म्यातून वाचावी. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

इथपर्यंत सकाळी लिहिलं होतं. आता दुपार झाली आहे. शिंपीणबाई येऊन गेली. तिला म्हटलं, मुलीला कळलं. ती म्हणाली, “बरं झालं. कोंबडं किती दिवस झाकणार होता, मास्तर?”

तेव्हा ऐक. उन्हाळ्यापासून आहे. जिना चढून आलो आणि कुलपात किल्ली घालता येईना, हात नुसता लटकत राहिला, दम इतका लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणतात की फुप्फुसं आकसत चालली आहेत, गेलेला भाग परत येणार नाही, आहे तो सांभाळायचा. ते फुसफुसणारं यंत्र त्यांनीच दिलं. तोंडावर मुखवटा लावून बसायचं. लावला की मी कोणासारखा दिसतो ते आरशात पाहिलं नाही आणि पाहणारही नाही.

लांब ओळ मला म्हणता येत नाही. चौथ्या गणाशी हवा संपते. इतकी वर्षं पोरांना सांगितलं की ओळ एका श्वासाची असते, श्वास तुटला की ओळ तुटली. आता माझी प्रत्येक ओळ तुटते. बाई साधी आहे वगैरे मी तुला लिहिलं, ते सगळं थोतांड होतं. कविता लांब श्वासाचीच आहे. लांब वृत्तातला कच्चा खर्डा, त्या अडलेल्या ओळीसकट, सोबत घातला आहे.

मला भीती वाटते. तुझ्या सहायक अधीक्षकांच्या भाषेत सांगायचं तर भीती वाटत असल्याचे दिसून येत आहे. पण साध्या भाषेत, मला भीती वाटते, आणि सगळ्यात जास्त याची की तू आता माझं सगळं खरं मानशील, म्हणजे आजाऱ्याचं मानतात तसं. मला तसं नको. माझ्या गल्लीची हवा वाईट आहे, हे माझ्या छातीकडे न बघता मान्य कर. सुळके वजा कर. धुकं वजा कर. मला वजा कर. तरीही खाली काहीतरी उरतं की नाही ते मोज.

येऊ नकोस. प्रवासात तुला दगदग होते आणि मला पाहुणचार जमणार नाही.

बाबा


९ जानेवारी

चि. मापाडीणबाईस,

येऊ नकोस असं लिहिलेलं तुला कळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या घरात तर सुंभच दोन आहेत.

तू गेल्यावर घर मोठं वाटतं. मेज पुन्हा जागेवर ओढून घेतलं. तू बसवून गेलेली नवी पेटी शिंपीणबाईच्या दुकानाच्या छपरावर गुणगुणते आहे. बाई म्हणते, तिचं शिवणयंत्र आणि तुझी पेटी यांचा सूर जुळत नाही. पण पेटीतला कागद बदलायचं काम ती मन लावून करते. चिमट्याने धरायचा, बोट लावायचं नाही, डबीत ठेवून डबी बंद करायची. मी पहिल्या दिवशी करून पाहिलं, चिमटा निसटला, कागद उडून ट्रकच्या टपावर जाऊन बसला. आमच्या गल्लीचा तो नमुना आता कुठल्या गावाला पोचला असेल कोणास ठाऊक.

समोरासमोर आपण चार दिवस फक्त नळ्या, खिळे आणि औषधाच्या वेळा यांवर बोललो. म्हणून उरलेलं इथे लिहितो. जेवताना तू म्हणालीस, “कविता लांब वृत्तातच आहे का अजून?” मी म्हटलं, आहे, पण ती म्हणता येत नाही. तू म्हणालीस, “म्हणा तर.” मी सुरू केलं. हाक निघून गेली तिथपर्यंत आलो आणि माझी हवा संपली. मग तू उचललीस. श्वास दारात उभा राहिला, एवढा तुकडा तू पुरा केलास, तोही न बघता. घड्या पडलेला तो खर्डा तुझ्या पर्समध्ये मी नंतर पाहिला. तू ती ओळ पाठ करशील असं मला वाटलं नव्हतं.

शेवटून दुसरं अक्षर तू लघु म्हणालीस. ते गुरू आहे. मी सांगितलं तर तू म्हणालीस, “बाबा, ओळ म्हणायला श्वास पुरत नाही, मग चूक काढायला कुठून येतो?” मी हसलो, आणि हसल्यावर इतका खोकला आला की तू उठून माझ्या पाठीवर हात ठेवलास. मी तो झटकला नाही. एवढं तुझ्या अहवालात लिहायला हरकत नाही.

आता भांडण. जिन्यात तू म्हणालीस, “पेटीचा आकडा वाईट आला, तर तुम्ही या घरात राहायचं नाही. माझ्याकडे यायचं.”

“आणि चांगला आला तर?”

“तरी यायचं.”

याला काय मोजमाप म्हणतात? पण मी रात्री झोपलो नाही, कारण पहिलं खरं आहे. हा आकडा वाईट निघावा म्हणून मी वर्षभर भांडलो. तुला भर सभेत बोललो. साऱ्या कार्यालयाला लाल शाई पाजली. आणि तो वाईट निघाला, तर डॉक्टरीणबाई, तू आणि तो कागद, तिघं मिळून मला इथून उठवणार. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले, पण वर्षभर तो धोंडा घासून पुसून तयार करणारा मीच.

हे घर सोडून मी काय करू? कठड्यावर अजून तुझ्या आईच्या उलथन्याचे पोचे आहेत. इथल्या प्रत्येक भिंतीशी मी मोठ्याने कविता म्हटली आहे. तुझ्या घराच्या भिंती मला ओळखत नाहीत. आणि तुझ्याकडे दोन माणसांच्या जेवणाचं मेज आहे, त्यावर शब्दकोश कुठे ठेवायचे?

मला राग आला आहे. कोणाचा ते कळत नाही, म्हणून तुझाच धरतो.

बाबा


२ मार्च

चि. मापाडीणबाईस,

अहवाल पोचला. दोनदा वाचला. एकदा बाप म्हणून आणि एकदा मास्तर म्हणून.

आधी आकडा. माझ्या यंत्राच्या निम्मा, तुझ्या गच्चीच्या दुप्पट. निम्मा. मला वाटलं होतं निदान पाऊण तरी येईल. धुकं वजा झालं, माझे तुषार वजा झाले, खिडकीचा दोष वजा झाला, आणि त्यातून जे उरलं त्याने गल्ली ‘समाधानकारक’मधून निघून ‘वाईट’मध्ये गेली. शिंपीणबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे माझं कापड बरोबर होतं,” आणि पुन्हा काज करायला बसली.

मग वाक्य. ‘ही मोजमापे मी स्वतः घेतली असून, गच्चीवरच्या आकड्यावरून या गल्लीबद्दल मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.’ खाली तुझी सही. करणारी आहे, केलेलं आहे, कुठून केलं ते आहे. दहापैकी साडेनऊ. अर्धा ‘असून’चा कापला.

ट्रकतळाला नोटीस गेली, असं सहायक अधीक्षक लिहितात. तळाचा मालक म्हणतो, वर दाद मागेन. म्हणजे दोन हिवाळे तर सहज जातील. ट्रक आज सकाळीही उभ्या उभ्या चालू होते. मी खिडकी लावून घेतली, मग खोलीत कोंडल्यासारखं झालं, मग उघडली. आकडा खरा झाला म्हणून हवा बदलत नाही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

काल डॉक्टरीणबाईंना तो अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मास्तर, आता मी काही बोलायलाच नको.” तेवढ्यावर मी तिथून निघालो. जिना चढताना तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा शिंपीणबाई खालून म्हणाली, “जा मास्तर. पेटी मी सांभाळते. ती कागदावर बोलते, तुम्ही तोंडाने बोलता. तुमच्यापेक्षा तीच बरी.” आणि मग लगेच तोंड फिरवून सुईत दोरा ओवत बसली. ओवायला तिला बराच वेळ लागला.

कविता पुरी झाली. लांब वृत्तातच ठेवली. जुन्या कवींनी ओळीच्या पोटात एक विसाव्याची जागा ठेवलेली असते. तुम्हा पोरांना मी तिथे थांबू दिलं नाही ते बरोबरच होतं, तुमची फुप्फुसं कोवळी होती. पण जागा आहे. त्या बाईची हाक मी विसाव्याच्या अलीकडे ठेवली आणि श्वास पलीकडे. श्वासाच्या चार शब्दांपैकी एकही वापरला नाही. हाक गेल्यावर दारात काय उभं राहिलं, ते नावाने सांगितलंच नाही, नुसतं क्रियापद ठेवलं. तूही धुकं असंच मोजतेस ना, वजा करून? वृत्तात एक गण कमी पडतो आहे. मासिकवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

शनिवारच्या गाडीने येतो. शब्दकोश तीन आणतो आहे, मेजाचं तू बघ. फुसफुसणारं यंत्र पिशवीत घेतलं. दुसरं, चहाडखोर, शिंपीणबाईला देऊन टाकलं, तिला गजर म्हणून हवं होतं. किल्लीही तिच्याकडेच राहील. हट्टाने येतो आहे असं समज, दयेने नेतेस असं वाटू देऊ नकोस, नाहीतर अर्ध्या वाटेतून परत फिरेन.

स्टेशनवर बाहेर उभी राहू नकोस, मार्च लागला तरी सकाळी थंडी आहे. आणि राहिलीसच तर हाक मारू नकोस, लोक वळून बघतात. नुसती उभी राहा. थंडीत माणूस श्वास घेतो आहे हे लांबून दिसतं, त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

बाबा